चौथी पायरी

सुलक्षाचा फोन येतो तेव्हा
चोडणची फेरीबोट रायबंदरला लागत असते,
आणि तिच्याकडे दुपार,
बर्फावरची, डोळे मिटायला लावणारी.
सांगते, बाबा, इथलं विद्यापीठ
अडीचशे वर्षांचं आहे.
मी म्हणतो, आपल्या पणजीच्या बांधाहून
लहानच मग.

फाटकातल्या फरशीत म्हणे
पितळेचं बोधचिन्ह आहे एक.
त्यावर पाय पडला तर पदवी मिळत नाही.
हजारो पोरं वळसा घालून जातात,
हातात कॉफी, कानात गाणी,
विज्ञान शिकणारी.
ती हसते. मीही.
मग विचारते,
आपल्याकडची ती चौथी पायरी
कुणी सुरू केली होती?

आपल्याकडची, म्हणते.
बत्तीस वर्षं मी त्या कॉलेजात शिपाई,
हाडांच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला.
आपल्याकडची म्हणायचं
मला कधी सुचलं नाही.

पोरं पाच वर्षांची पाहुणी.
जुनी निघून जात,
आणि नव्यांना सांगायला कुणी उरलं नाही की
माझ्याकडे येत.
शाबू, सांगाड्याचं नाव काय?
मिंगेल.
शाबू, सांजांवला काय करतात?
मिंगेलच्या कवटीवर पानाफुलांचं कोपेल घालतात,
घुमट बडवत खाली येतात,
आणि आवारात विहीर नाही म्हणून
मागच्या हौदात उड्या टाकतात.
दुसऱ्या दिवशी हौद मी उपसायचो.
तेही परंपरेतच होतं,
पण ते कुणी विचारलं नाही.

कोस्तांसियु कुलासो तीनदा नापास झाला.
तेव्हा कुठे कबूल केलं,
पहिल्याच दिवशी घाईत पाय पडला होता.
मी त्याला रात्री कंदील धरून
अख्खा जिना उलटा उतरवला.
असला काही उतारा नव्हता.
त्याचं तोंड बघून
मी उभ्या उभ्या रचला.
त्या वर्षी तो पास झाला.
म्हापशात दवाखाना आहे आता,
माझ्याकडून पैसे घेत नाही.

आणि पायरी?
पायरी माझ्या बापाची.
तोही तिथेच शिपाई.
कपाट उतरवताना दगड तडकला,
त्याने चुना भरला
आणि म्हणाला, आठ दिवस पाय देऊ नका कुणी.
दिला तर? एकाने विचारलं.
परीक्षा तोंडावर होती,
बाप उन्हाने वैतागलेला.
म्हणाला, नापास व्हाल.

ते आठ दिवस अजून संपले नाहीत.
कॉलेज टेकडीवर गेलं,
नव्या इमारतीला लिफ्ट आहे,
तरी जिन्याने जाणारी पोरं, ऐकतो,
चौथी पायरी गाळतात.
तिथे तर चुनाही नाही.

सुलक्षा डबा घेऊन यायची,
सात वर्षांची,
एका हाताने परकर उचलून
चौथी ओलांडायची.
मी म्हटलं होतं, तुला गं कशाला?
तू कुठे इथे शिकणार आहेस.
हे मी म्हटलं होतं.
तिने ऐकून घेतलं
आणि ओलांडत राहिली.

बाबा, आहात ना?
आहे.
पायरीचं राहू दे.
ते पितळ घासतं कोण, तिथलं?
कोण म्हणजे? ती गप्प होते.
एवढ्यात बोटीचा भोंगा होतो.
बघते, म्हणते.

पुढच्या रविवारी
हॅलोच्या आधी नाव सांगते.
लुसिंडा.
होंडुरास म्हणून देश आहे, तिथली.
पहाटे चारला येते बादली घेऊन.
आणि बाबा, घासताना ती
दोन्ही गुडघे टेकते त्याच्यावर,
सरळ मधोमध.
मग तिचं काय?

तिला चालतं, मी म्हणतो.
तुझा आजा
चौथीवर बसूनच विडी ओढायचा.