बिनबिलाचा पाटा

कसाल तिठ्यावर माझं दुकान.
कमानीचे पाटे मी दोन तऱ्हांचे ठेवतो:
एक कंपनीचा, सहा हजार आठशे, पक्क्या बिलासकट.
दुसरा तीन हजार शंभर,
त्याचं बिल मागू नये.

काट्यावर घातले तर दोघांत शंभर ग्रॅमचा फरक.
रंग उलट स्वस्ताचाच जास्त चकचकीत,
शिमग्याआधी पालखीच्या दांड्याला मारतात तसा.

रुजाय ब्रिटो दोन्हींवरून अंगठा फिरवतो.
त्याच्या ट्रकात चिरे, दर खेपेला जरा जास्तच,
कारण खाणीवरचा मुकादम मोजतो नगावर
आणि घाट मोजतो वजनावर.
"ह्येंच्यात फरक काय रे?"

काय सांगू? की पोलादाला पाणी देताना
कुठल्यातरी शेडमध्ये कुणीतरी घाई केली असेल?
असेल. नसेलही.
मी पाहिलेलं नाही. माझ्यापर्यंत येतो तो पुठ्ठा,
आणि त्यावरचं नाव, ज्यातलं एक अक्षर
मुद्दाम चुकवलेलं.

"तीन हजार सातशेचा," मी म्हणालो.
तो हसला. हप्ता दहा तारखेला.
पावसात खाण चार महिने बंद असते, हप्ता नसतो.
स्वस्तातला त्याने खांद्यावर घेतला,
"खुरीस उचलल्यासारखो," हे त्याचेच शब्द,
दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे होता.

तेव्हापासून रात्री ट्रक गेला की मी कूस बदलतो.
दुकानाच्या माळ्यावरच राहतो आम्ही;
भरलेला कुठला, रिकामा कुठला, अंथरुणात कळतं.
रुजायचा ट्रक गतिरोधक चढताना एकदा कण्हतो,
उतरताना गप्प.
त्या गप्पची मी वाट पाहतो.

बायको म्हणते, एवढं आहे तर विकू नका.
मग तो कणकवलीला जाईल, मी म्हणतो,
तिथे दोन हजार नऊशेला मिळतो.
दर वेळी हेच सांगतो
आणि दर वेळी ते थोडं कमी खरं वाटतं.

महागाचा मोडतच नाही, असंही नाही.
सारंगांच्या मासळीच्या गाडीचा कंपनीचा पाटा
सहाव्या महिन्यात गेला, हुमरट फाट्यावर,
बर्फ वितळून सुरमई रस्त्यावर आली.
फक्त त्यांच्याकडे भांडायला कागद होता
आणि पलीकडे भांडून घ्यायला कुणीतरी.

रुजायचा अकरा महिने टिकला.
मोडला तो घाटात नव्हे, इथे, माझ्या दारात,
उभ्या गाडीचा, तीही रिकामी.
खाट्. कुत्रं उठलं आणि परत झोपलं.

दोन तुकडे त्याने गल्ल्यावर आणून ठेवले.
मोडल्या तोंडावर दाणे, मोठे, चमकणारे,
शिरोड्याच्या आगरातल्या जाड्या मिठासारखे,
आणि एका कडेला गंज.
गंज जुना. म्हणजे चीर आधीचीच,
कित्येक महिने करूळ घाट
चढत होती, उतरत होती.

मी काही बोललो नाही. त्याने बोटांवर हिशेब केला,
महिन्याला तीनशेसुद्धा नाही पडले.
"परवाडलो," तो म्हणाला. "तसोच दी."

हिशेब चुकला नव्हता. त्यात
वळणावर मागून येणारा दुचाकीवाला नव्हता,
समोरची एसटी नव्हती,
आणि भिवा नव्हता, क्लीनर, एकोणीस वर्षांचा,
जो भरल्या गाडीत चिऱ्यांना पाठ टेकून झोपतो.

पाटा बसला. गाडीखालून भिवा निघाला, काळाकुट्ट,
माझ्या माठातलं पाणी दोन तांबे प्याला,
नव्या रंगावरून बोट फिरवलं.
रंग बोटाला लागला.
"शेटनू, ह्यो बरो आसा मां?"

गिऱ्हाईक तो नव्हता.
बरो आसा, मी म्हणालो,
आणि मोडका तुकडा बिलबुकावर ठेवला,
पंख्याने पानं उडतात म्हणून.