जावई

यंत्र बसवलं त्या दिवशी नारळ मी फोडला,
नाव खलाशांनी ठेवलं: जावई.
कारण बसून असतो, बॅटरी खातो,
आणि ज्या दिशेला तोंड करून दिलं
तिकडेच बघत राहतो,
पुढ्यात काय येतंय याची चौकशी न करता.

वेसाव्याच्या खाडीतून बोट मी हातानेच काढतो.
तिथला वाळूचा दांडा दर पावसाळ्यात जागा बदलतो,
ते याला कोण सांगणार.
मढ मागे पडलं, पाणी खोल झालं,
की मग बटण. दोनशे सत्तर. सरळ पश्चिम.
चाक आपोआप हलतं, जरासं डावं, जरासं उजवं,
झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखं.

पहिल्या रात्री आम्ही सगळे
ते चाकच बघत बसलो.
समोर कुणीच बघत नव्हतं.

समोर होती एक होडी, सातपाटीकडची असावी,
जाळं टाकून, दिवा विझवून,
आणि नाळेवर एक म्हातारा विडी ओढत.
ती विडी दिसली.
एवढंच. त्या विडीवर आम्ही सगळे वाचलो.
बटण दाबून मी चाक हातात घेतलं, ओढलं,
तो उठून उभा राहिला
आणि माझ्या सात पिढ्यांचा त्याने उद्धार केला.
बरोबरच केला.

तर यतीन, आज तुझी पाळी.
चहा पी, पण उभ्याने पी.
मागे शहराचा उजेड आहे, तिकडे फार बघू नकोस,
समोरच्या काळोखाला डोळे आंधळे होतात.
पण अधूनमधून बघच,
मोठं जहाज मागूनही येतं, आणि तुझा चहा संपायच्या आत येतं.

होकायंत्राजवळ तुझा तो गाण्यांचा स्पीकर नको.
जावयाला लोखंड सोसत नाही.
मागच्या फेरीला कुणीतरी कोयता टेकवून ठेवला,
आकडा दोनशे सत्तरच दाखवत होता
आणि बोट चालली होती डहाणूच्या अंगाला.
मला ध्रुवाने सांगितलं.
उजव्या कानाशी असायला हवा तो,
भुवईवर आला होता.

परतताना बोयाची खूण देऊन तिथे ने म्हणालास
तर हा बोयावरच नेऊन आदळेल.
सांगितलं तेवढं करतो. त्याचा काय दोष.

आणि लघवीला एकटा मागे जाऊ नकोस.
हसू नकोस.
कुणाला तरी उठव, कमरेला दोर बांध.
खारदांड्याचा आत्माराम, तुझ्या आईच्या ओळखीचा,
त्याची बोट सकाळी सापडली.
इंजिन चालू, दिवा चालू,
भाताच्या टोपावर झाकण,
आणि आकड्यावर दोनशे सत्तर.
एका अंशानेही चुकली नव्हती.
इतकी सरळ चाललेली बोट
मी आयुष्यात पाहिली नाही.

मग घेतलाच कशाला, म्हणतोस.
कारण माझा हा खांदा
आता रात्रभर चाक धरत नाही.
कारण जाळं वर येतं तेव्हा
दोन हात जास्त लागतात, आणि पोरं बोटीवर यायला तयार नाहीत.
कारण गेल्या महिन्यात, चाळीस वर्षांत पहिल्यांदा,
समुद्रावर मी ताट मांडीवर घेऊन जेवलो,
बोंबलाचा काटा काढायला वेळ मिळाला.
हे पण खरं आहे. हे नाही सांगितलं तर लबाडी होईल.

बटण इथे आहे. हे लाल.
डोळे मिटून शोध. पुन्हा शोध.
हं.

जातो मी आत. झोपणार नाही, आडवा होईन.
चाकाचा आवाज येत असतो मला तिथे,
घुर्र, थांब, घुर्र.
तो थांबला तर मी उठेन.
तुझा थांबला तरी उठेन.
म्हणून काहीतरी गुणगुणत राहा,
बेसूर चालेल.