कपलर

शोरूममधला मुलगा मिक्सरकडे बघून हसला.
हसण्यात वाईट काही नव्हतं,
म्हाताऱ्याला बसमध्ये जागा देताना हसतात, तसंच.
म्हणाला, बाई, याचा पार्ट येत नाही आता, मॉडेल बंद.
हा द्या, सातशे कापून घेतो,
नवा न्या, दोन वर्षं वॉरंटी.
मी विचारलं, आणि तिसऱ्या वर्षी?
त्यानं पावतीपुस्तक मिटलं.

एकोणीस वर्षं. माझ्या पहिल्या पगारातला.
दिवसाला अर्धा नारळ धरला तरी किती नारळ,
मडगावहून कुडचड्याच्या बसमध्ये हिशेब करत होते,
मिक्सर मांडीवर, तिकीट एकाचंच.
चांदर येईपर्यंत तीन हजारांच्या वर गेले,
मग सोडून दिला.

सगुण च्यारीचं दुकान स्टेशनच्या मागे.
पाटी नाही.
लिहायला दिली होती, म्हणतो,
पेंटर दुबईला गेला.

त्यानं मिक्सर उलटा केला. पळोवया.
तळाचा स्क्रू तीन कोनांचा,
असा पाना कुठं मिळत नाही,
मिळू नये म्हणूनच तो स्क्रू तसा.
सगुणनं सायकलचा एक स्पोक घेतला
आणि दगडावर घासत बसला,
माझा चहा संपला, त्याचा निवला,
मग स्क्रू हलला.
स्पोक त्यानं बिस्किटांच्या डब्यात टाकला.
डब्यात आणखी दहा-बारा होते,
प्रत्येकाचं टोक निराळं.

आत वाळलेलं खोबरं, दोन मुंग्या,
आणि दात झिजून गुळगुळीत झालेला कपलर.

कोपऱ्यातून त्यानं रबराची जाड गुंडाळी ओढली,
तांबड्या धुळीनं माखलेली.
खाणीवरचा पट्टा, म्हणाला, मी तिथं फिटर होतो.
बंद झाली तेव्हा माणसांना एकेक कागद दिला,
पट्टा तसाच टाकून गेले.
मी दोन्ही घरी आणले.
कागदाचं काही करता आलं नाही.

ज्या पट्ट्यावरून डोंगर गेला बार्जींकडे,
त्यातून त्यानं बांगडीएवढा तुकडा कापला,
कानशीनं सहा दात काढले,
फुंकर मारली.

साठ रुपये.
मी शंभर दिले, तर चाळीस मोजून परत केले,
सुट्ट्या नाण्यांत, एकेक टेबलावर ठेवत.
किती दिवस चालेल?
कोणाक खबर. बिघडला की आण.
मी असलो तर.

घरी आल्यावर पहिल्यांदा फिरवला
तेव्हा तळातून चिमूटभर तांबडं काहीतरी
ओट्यावर उडालं. हुमणाचं वाटण नेहमीसारखंच झालं.

कुंपणापलीकडून फिलोमेनानं विचारलं,
नवा घेतलास? आवाज वेगळा येतो.
मी हो पण म्हटलं, नाही पण.
तिची इस्त्री फेस्तापासून बंद पडून आहे.
तिला दुकानाची खूण सांगत होते,
स्टेशनच्या मागे, चिंचेच्या अलीकडे,
पाटी नाही, नीट बघत जा,
आणि सांगता सांगता म्हणाले,
या आठवड्यातच जा गं.