मिनिटाला अठ्ठावन्न

मला पोहता येत नाही.
म्हणून मी होडीत, केशरी जाकिटात,
आणि वसू पाण्यात. विंडरमिअर, मे महिना,
अकरा अंश.
तापमान सांगतं ते पिवळं प्लास्टिकचं बदक,
लहान मुलांच्या टबात सोडतात तसलं,
होडीच्या मागे दोरीनं ओढलं जाणारं.

माझं काम सोपं आहे.
मिनिटाला तिचे हात किती पडतात ते मोजायचं,
दर अर्ध्या तासानं बाटली फेकायची,
कोमट, गोड, कशाचीच चव नसलेलं काहीतरी,
आणि तिला होडीला हात लावू द्यायचा नाही.
"तिला नव्हे, तुला मोह होईल," ग्लेनिस म्हणते,
"ऑगस्टमध्ये, खाडीत, रात्री. आत्तापासून सवय कर."
केंडलला तीस वर्षं टपाल वाटलेली बाई,
काठावर गाडीत बसून शब्दकोडं सोडवते.

अठ्ठावन्न. अठ्ठावन्न. सत्तावन्न.
पहिल्या तासात उतारावरच्या मेंढ्या मोजून होतात.
दुसऱ्यात स्टीमर जातो, वरचे लोक
हात हलवतात, मला.
तिची गुलाबी टोपी त्यांना बोया वाटत असावी.
तिसऱ्यात टेकड्या दिसेनाशा होतात
आणि पाऊस येतो, म्हणजे पडत नाही,
नुसता हवेत उभा राहतो.
चौपन्न.
बावन्न.

प्रश्न विचार, असं शिकवलंय मला.
थंडी आधी बोटांत जाते, मग जिभेत, मग डोक्यात.
"वसू, आपल्या गाडीचा नंबर?"
ती थांबते, पाठीवर वळते,
ओठ करवंदं खाल्ल्यासारखे.
"एम एच दहा," ती म्हणते,
"एकोणीस बेचाळीस."

ती मिरजेची लूना.
व्हिसा आला त्या आठवड्यात विकली.
कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा
ती आत भांडी घासत बसली होती. तूच कर, म्हणाली.

आता हे काय समजायचं?
माझ्या हातातल्या तक्त्यात रकाने दोनच आहेत,
बरोबर आणि चूक.
मी वल्हं आडवं टाकतो,
वाकतो, हात पुढे करतो. होडी कलते.

"हात आत घे," दात वाजताहेत तिचे,
"बुडशील. आणि पुढच्या वेळी
जरा अवघड विचार."

उलटली. गेली.
मी मांडीवर घड्याळ पुसतो.
त्रेपन्न.
बदक सरळ होतं, मागोमाग येतं.
पुन्हा मोजतो.
त्रेपन्न.