समास

डंडीत, पर्थ रोडवरच्या एका धर्मादाय दुकानात
गुरुवारी मी जुन्या पुस्तकांना किमती घालते.
पहिल्या पानावर, वर उजवीकडे, पेन्सिलीनं: दीड पौंड.
आत कुणी काही लिहिलं असेल तर खोडते.
कोरं पुस्तक लवकर जातं, इशबेल म्हणते.
इशबेल पुस्तकं वाचत नाही. हिशेब मात्र तिचा चुकत नाही.

नोव्हेंबरात एकाच घरातून अकरा खोकी आली.
भाच्यानं आणली, गाडी चालूच ठेवून उतरवली.
सगळ्या समासांत एकच अक्षर,
बारीक, डावीकडे कललेलं,
चिडकं.
तत्त्वज्ञानाच्या जाड ग्रंथात दर चार पानांनी: नाही.
कुठे: पुन्हा तेच.
कुठे: हे जरा तुझ्या बायकोला विचार.
शेवटच्या पानावर तारीख आणि हवामान.
“बर्फ. पटलं नाही. उद्या परत.”

मी खोडत गेले.
एका दुपारी किती ‘नाही’ पुसले असतील,
एखादीला जन्मभर पुरतील इतके.

मी पुस्तकाला कधी उलटून बोलले नाही.
आमच्याकडे पुस्तकाला पाय लागला
तर हात लावून कपाळाशी न्यायचा.
कपाळाशी नेलेल्या वस्तूशी भांडता येत नाही.
वणीपासून इथवर आले ती मान डोलवत, वाचत.
आणि हा कोण डी. एम.,
थोरामोठ्यांना समासात उभं करून झाडतोय?

तबकड्याही होत्या. चेलोच्या एका पाकिटावर त्याचंच अक्षर:
“चौथ्या मिनिटाला अडकते. टेबलावर बुक्की मारा.”
दुकानातल्या यंत्रावर लावली.
चौथ्या मिनिटाला अडकली.
तोच सूर, तोच, तोच,
कुणाला तरी कुणाचं तरी नाव आठवत नसल्यासारखा.
मी बुक्की मारली. पुढे गेली.
आता तीच धून रेडिओवर न अडकता वाजते
तेव्हा हात आपोआप टेबलाकडे जातो
आणि धून खोटी वाटते,
घोकून आलेल्या मुलासारखी.

मग कवितांचं एक पातळ पुस्तक.
त्यात एकही ‘नाही’ नाही.
फक्त तेविसाव्या पानावर:
“एफीला वाचून दाखवली. तिला झोप लागली.
शेवटच्या दोन ओळी मग मी कुणाला वाचल्या?”

खोडरबर हातात होतं.
बाहेर टे नदीवरून धुकं वर आलेलं,
पूल निम्मा खोडलेला.

खानझोडे बाई सांगायच्या:
समास म्हणजे वहीची मोकळी कड,
तिथे फक्त मी लिहिणार, लाल शाईनं.
आणि पुढच्याच तासाला: समास म्हणजे
दोन शब्दांनी एकत्र येणं, मधला ‘आणि’ गाळून.
द्वंद्व समासात दोन्ही पदं सारख्याच मोलाची.
पण बाई, द्वंद्व म्हणजे भांडण ना?
हो गं. बस खाली.

मी त्या दोन ओळी वाचल्या. मोठ्यानं.
इशबेलनं गल्ल्यावरून मान वर केली.
मग त्याच्या अक्षराखाली, उरलेल्या बोटभर जागेत,
मराठीत लिहिलं: मला.
आकडे सोडले तर, छापील पानावर माझा पहिला शब्द.
पेन्सिल किमतीचीच.

दीड पौंड गल्ल्यात टाकून ते पुस्तक घरी नेलं.

बाकीची गेली, कोरी होऊन.
पण त्या जाड ग्रंथाचं पान उजेडात तिरपं धरलं
तर पेन्सिलीचा दाब अजून दिसेल.
घेणाऱ्याला हे सांगायचं राहिलं.

काल स्वेटर धुवायला काढला
तर खिशात खोडरबराचा करडा भुगा, चिमूटभर.
कुठल्या पानावरचा ‘नाही’ आहे, कोण जाणे.
बशीत काढून ठेवलाय.
इशबेलला सांगितलं तर म्हणेल,
वजन कर आधी.