मानस कोणाचे

चोडणच्या धक्क्यावरून सकाळची फेरी सुटते,
एका हातात डबा, एका हातात कठडा,
आणि मागे सरकत जाणारा बांध
जो आमच्या कार्यालयात पान सतरावर आहे.

सत्त्याण्णव साली दिल्लीहून तक्ता आला होता.
सगळ्या राज्यांना एकच.
वाळवंटाला तो, बर्फाला तो, आम्हालाही तोच.
शेती. मत्स्य. मीठ. पडीक. इतर.
खाली बारीक अक्षरात : एकाच रकान्यात खूण करावी.

आता खाजन पावसात कोर्गुट भात पिकवतं,
भात कापलं की तिथेच कोळंबी,
आणि शिगमा सरला की कडेच्या आगरात मीठ.
मी साहेबांना विचारलं.
साहेब म्हणाले, मामलेदारांना विचारा.
मामलेदारांनी लिहिलं, तलाठ्याचा अभिप्राय घ्यावा.
तलाठी रजेवर, त्याच्या सासऱ्याचं बारावं.
तक्ता सोमवारी जायलाच हवा होता.
मी 'इतर'वर खूण केली.
निळ्या बॉलपेनने.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, तेही उशिरा.
पणजीत त्या खुणेची बेरीज झाली,
दिल्लीत टक्केवारी,
टक्का अर्ध्याहून कमी भरला म्हणून तळटीप,
आणि पुढच्या आवृत्तीत जागेअभावी
तळटीपही गेली.
त्यावरून कुणा सज्जन माणसाने मसुदा केला.
सज्जनच असणार, एकही खाडाखोड नव्हती.
तोवर मला वाटायचं
धोरण म्हणजे मोठ्या सभागृहात
हात वर करून काहीतरी ठरतं.

मग एका आमोशेच्या भरतीला बांध फुटला.
रेमेदियुस फुर्ताद अर्ज घेऊन आला :
'मानस मोडल्या, खारें उदक शेतांत भरलां.'
मी तो सरकारी भाषेत उतरवला,
'मानस दुरुस्तीसाठी निधी मिळणेबाबत',
आणि सादर, सादर, सादर होत तो वर गेला.

चार महिन्यांनी शेरा घेऊन परतला :
'मानस कोणाचे? दुरुस्तीचे कारण काय?
स्पष्टीकरण सादर करावे.'

अख्खं सेक्शन हसलं. सुलक्षा बोरकरने चहा सांडला
थेट आवक नोंदवहीवर.

मी खुलासा लिहिला :
मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार.
भरतीला नदीच्या रेट्याने मिटतं,
ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतं.
त्याला कुणाची सही लागत नाही.
शेवटचं वाक्य साहेबांनी खोडलं.

उत्तर या खेपेला लवकर आलं.
'इतर' वर्गातील जमिनीस निधी अनुज्ञेय नाही,
सोबत सत्त्याण्णवच्या तक्त्याची प्रत.
झेरॉक्समध्ये माझी निळी खूण काळी झाली होती.

रेमेदियुसने विचारलं, 'कोणें ना म्हळें?'
मी सांगू लागले : अवर सचिव, उपसचिव,
मधल्या काळात दोघांचीही बदली झालेली,
वित्त विभागाची सहमती, मंत्रालयाचा निकष...
तो ऐकत होता. बघत मात्र होता
माझ्या बोटांतल्या पेनाकडे.
रागाने नाही. नुसता बघत होता.

फुटलेल्या जागेतून रोज दोनदा नदी आत येते.
तीन वर्षांत भाताच्या जागी चिपी उगवली,
मग दाट झाली, बगळे आले,
आणि गेल्या महिन्यात वनखात्याची हिरवी पाटी :
'संरक्षित कांदळवन. बांध घालण्यास मनाई.'
कांदळवनाला रकाना आहे.
नवीन तक्त्यात, पहिल्याच पानावर.

तो तक्ता आता पडद्यावर भरायचा असतो.
खूण एकच घेतं यंत्र, दुसरी केली की पहिली पुसतं.
खाली शेऱ्यासाठी एक चौकोन आहे, दोनशे अक्षरांचा.
तो रिकामा ठेवला तरी अर्ज पुढे जातो.

काल मी तो भरायला बसले.
एकशे नव्वदव्या अक्षरावर कोर्गुट संपला,
मीठ यायचं होतं,
आणि शिपाई म्हणाला, बाई, फेरी चुकेल.