वारा ज्याचा त्याचा

पहाटे साडेपाच, फुलेवाडी नाका.
हिरव्या वहीत मी नावं लिहितो,
नावापुढं दोन आकडे: अंगाचा ताप, बोटातला ऑक्सिजन.
नसीमा मुजावर, सत्त्याण्णव.
भरमगोंडा, अठ्ठ्याण्णव.
("दोन मार्क कुठं कापलं ओ, मास्तर?")

चौघांची एक तुकडी. वीस मिनिटांनी दुसरी.
गगनबावडा, जाऊन-येऊन एकशेदहा.

उद्यमनगरात मी लाकडी साचे करतो,
लोखंड ओतायच्या आधीचे.
केसभर फरकाला व्हर्नियर लावणारा माणूस
आता डांबरावर खडूनं दोन रेघा ओढून सांगतो:
दोन सायकलींत एवढं.
उसाच्या दोन ट्रॉल्या, ट्रॅक्टरसकट.

गेल्या वर्षापर्यंत चाकाला चाक लावून जायचो.
पुढचा वारा फोडायचा,
मागचे त्याच्या पाठीच्या आडोशाला.
दमला की कोपर हलवायचा, बाजूला सरायचा,
दुसरा पुढं.
एका कागदातलं भडंग खावं
तसा वारा वाटून खाल्लाय आम्ही.
आता त्याच पाठीमागं त्याचा श्वास असतो.
ज्याचा वारा त्यानं खायचा.

आपली ट्यूब, आपला पंप, आपलं पाणी.
थुंकायचं तर थांबून, खाली उतरून, मागं बघून.
"थुंकायला बी परवाना काढू काय?"
काढ. वहीत जागा आहे.

आदल्या रात्री वाटेतल्या गावांना फोन.
एका सरपंचबाई म्हणाल्या, जावा, पण थांबू नका.
आणि पोरांना हात करू नका,
ती पळत येत्यात.
म्हणून त्या गावातून आम्ही
हँडल घट्ट धरून, रस्त्याकडं बघत गेलो,
चोरी करून निघाल्यासारखे.
पोरं गोठ्याच्या भिंतीवर ओळीनं बसलेली.
शेवटी भरमगोंडानं घंटी वाजवली, एकदाच.
घंटीबद्दल बाई काही बोलल्या नव्हत्या.

कळ्याच्या पुढं नसीमाचं मागचं चाक बसलं.
मी रस्त्याच्या या कडेला, ती त्या.
टायरची कड अंगठ्यानं ढकला. अंगठ्यानं, नखानं नव्हं.
वॉल्व्हपासून लांब सुरू करा.
माझे हात हवेतच टायर काढत होते.
दूधवाला थांबला, दोघांकडं बघितलं,
भांडण समजून निघून गेला.
मला सात मिनिटं लागली असती.
तिला चाळीस.
काळे हात पँटला पुसत म्हणाली,
"आता कुठंबी होऊ दे पंक्चर, मी काढतो."

मग तो रविवार.
जिनपाल चौगुले. घाट चढताना गप्पा मारणारा एकटाच.
त्र्याण्णव.
बोटं गार पडल्यात म्हणाला, हात चोळले.
ब्याण्णव.
मीटर बिघडलंय म्हणाला.
मी मीटर पुसलं, माझं बोट घातलं.
अठ्ठ्याण्णव.
तो आकडा लपवावासा वाटला मला.

कुणी काही बोललं नाही.
एरवी कुणीतरी खांद्यावर हात ठेवला असता.
त्यानं सायकल वळवली,
मागचा लाल दिवा लुकलुकत रंकाळ्याकडं गेला.
आम्ही बावड्याला गेलोच नाही.
नाक्यावर लांब लांब उभे राहिलो,
त्याचा "पोचलो" येईपर्यंत,
आणि आल्यावरही.

त्यानंतर नऊ आठवडे मी त्याचं नाव लिहायचो,
पुढचे रकाने मोकळे सोडून.

दहाव्याला तो आला, पँट ढिली, दाढी पांढरी.
पंच्याण्णव.
बालिंग्याच्या पुलापर्यंतच, डॉक्टरनी सांगितलंय.
तो पुढं, त्याच्या मागं आम्ही,
दोन ट्रॉल्यांचं अंतर राखून,
चालणाऱ्या माणसाच्या वेगानं.
एक म्हातारा वैरणीचा भारा घेऊन
आम्हा सगळ्यांना मागं टाकून गेला.

पुलावर त्यानं पाय टेकला, नदी बघितली,
मग मागं न वळता कोपर हलवलं,
पूर्वीसारखं.

बाजूला मात्र सरला नाही.
आमच्यातलंही कुणी पुढं गेलं नाही.